टाके नसलेला आजार

नामा मूळचा जावळीकडचा. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होता आणि बिऱ्हाड कोपरखैरण्याला. अंगानं दणकट, बोलायला फटकळ. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात पाठीवर गोण असताना ट्रकच्या फळीवरून त्याचा पाय सरकला आणि बरगडीखाली फळीची कड बसली. लघवीतून रक्त पडायला लागलं, तसं त्याच्या माथाड्यांच्या टोळीनंच त्याला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पोचवलं.

"मूत्रपिंडातली रक्तवाहिनी फाटलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पोट फाडायला नको. जांघेतून बारीक नळी सरकवू आणि तेवढीच वाहिनी आतून बंद करू. मूत्रपिंड वाचेल. पण दोन महिने ओझं उचलायचं नाही."

मूत्रपिंड वाचलं. जांघेत टोचल्याची खूण राहिली, तीही चार दिवसांत दिसेनाशी झाली. आणि इथंच त्याचं नशीब फुटलं.

टोळीत काम सगळ्यांना सारखं. एकानं अंग काढून घेतलं की त्याचा भार दुसऱ्याच्या पाठीवर. मुकादम बाजीरावनं चारचौघांत विचारलं, "टाकं कुठं हायत?"

"टाकं न्हाईत. नळी घालून केलंय."

"म्हंजी सुईच की! आन् सुई टोचली म्हनून दोन म्हैनं बसनार?"

"कामचोर!" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळे खो खो हसले. "हसूद्यात," घरी त्याची बायको गोजरा म्हणाली, "तुमी घरी बसा." पण कामचोर हा शब्द त्याला झोंबला. आजवर तो शब्द त्यानंच दुसऱ्यांच्या तोंडावर फेकला होता ना! महिना भरायच्या आत तो पुन्हा गोणीखाली उभा राहिला आणि दुपारी मार्केटातल्या फलाटावरच कोसळला. आत पुन्हा रक्त सुटलं होतं. या खेपेला नळीनं भागलं नाही. पोट फाडलं, मूत्रपिंड काढून टाकलं.

काय माणसं ही! वाचलेलं मूत्रपिंड कुणाला पटलं नाही, गेलेलं मात्र लगेच पटलं. बाजीराव शहाळी घेऊन भेटायला आला, टाके बघून हळहळला. त्यानंच टोळीत नामाला गोण्या मोजायचं बसकाम दिलं.

दिवाळीनंतर टोळीतल्या बंडूनं कंबर धरली. उठवत नाही म्हणाला, आठवडाभर सुट्टी मागितली. बाजीरावनं हाक मारली, "नामा, दाव रं ह्याला, आजार कसा आसतो त्यो!"

बंडू आशेनं नामाकडं बघत होता. ह्याचंही आत काही फाटलं असेल, हे नामाइतकं तिथं कुणाला कळणार होतं? पण बसकाम बाजीरावच्या हातात होतं.

नामानं सदरा वर केला.