पावभाजी करायची आणि निघायचं

आमच्या घरात पनवती कोण, हे एकमताने ठरलं. मत द्यायचा हक्क सगळ्यांना होता, फक्त मला नव्हता.

हे झालं क्रेगीबर्न या उपनगरातल्या आमच्या घरात, टीव्हीसमोर, फूटीच्या पहिल्या फायनलच्या दिवशी. फूटी म्हणजे इथला लांबट चेंडूचा फुटबॉल. त्यात हातही चालतो, पायही चालतो आणि समोरच्याच्या पाठीवर गुडघा टेकून उडी मारलेलीही चालते. पुण्याहून आलेल्या माणसाला आधी ती मारामारी वाटते आणि मग कधीतरी ती अंगात भिनते. माझ्या अंगात ती या घरातल्या सगळ्यांच्या आधी भिनली होती. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण नंतर ते कुणाला आठवलं नाही.

युनीत, म्हणजे इथल्या युनिव्हर्सिटीत असताना मी एका वृद्धाश्रमात शिफ्ट करायचे. तिथे एका आजीला सूप भरवायचं काम माझ्याकडे होतं आणि तिचा नवरा रोज तिच्या उशाशी येऊन बसायचा. तोंडाचा फटकळ, गळ्यात उन्हाळ्यातसुद्धा क्लबचा स्कार्फ. त्याच्या क्लबने शेवटचा फ्लॅग, म्हणजे विजेतेपद, जिंकलं तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. सूप संपेपर्यंत तो मला नियम शिकवायचा. "या क्लबच्या नादी लागू नकोस, जन्मभर रडवतील," असंही त्याने मला बजावून सांगितलं होतं. मी लागले. घरी येऊन माझ्यासोबत राहणाऱ्या तीन मुलांनाही लावलं. त्यांच्यातल्या एकाशी पुढे लग्न केलं, उरलेले दोघे आजही आमचे जवळचे मित्र आहेत, आणि या तिघांना चेंडू कसा धरतात हे मी शिकवलेलं आहे.

क्लबने म्हाताऱ्याचा शब्द खरा केला. दर मार्चमध्ये आम्ही आशेने बसायचो आणि दर ऑगस्टमध्ये क्लब माती खायचा. मला परमनंट रेसिडेन्सी मिळाली, मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली, क्लबची माती खायची सवय काही सुटली नाही. आणि मग त्या वर्षी ते अचानक जिंकायलाच लागले. एक मॅच जिंकले, दुसरी जिंकले, थेट फायनल्समध्ये, म्हणजे सीझनच्या शेवटच्या बाद फेऱ्यांत गेले. ऑफिसात, ट्रेनमध्ये, स्टेशनच्या कॉफीच्या टपरीवर लोक एकमेकांकडे बघून घाबरल्यासारखे हसत होते. मला रात्री झोप लागेना. हसू नका, माझ्या बाळंतपणात मी इतकी हळवी झाले नव्हते.

पहिल्या फायनलला मित्र आणि त्यांच्या बायका आमच्याकडे आले. मी पावभाजी केली होती. आमचा क्लब मागे पडला. मी पाव भाजायला आत गेले आणि बाहेर ओरडा झाला: गोल. मी तवा सोडून धावत आले तोवर समोरच्यांनी गोल मारला. परत आत गेले, आपला गोल. परत आले, त्यांचा. तिसऱ्यांदा मी दारात आले तेव्हा एक मित्र उठून उभा राहिला आणि दोन्ही हात पसरून म्हणाला, "तू तिथेच थांब यार! हलू नको! नाही, नको, आत जा, आतच जा!"

सगळे हसले. मीही हसले. आत गेले आणि आपण जिंकलो.

तिथेच ठरलं. नवऱ्याने उजळणी घेतली: गेल्या वर्षी शेवटची मॅच हरलो, ही होती. त्याच्या आधीच्या वर्षी एका पॉइंटने गेलो, ही होती. सगळेच होते तेव्हा, पण ते कुणी मोजेना. "पनवती आहेस तू," तो लाडाने म्हणाला आणि माझा गाल ओढला. मुलगी प्रायमरीत होती. तिने शब्दाचा अर्थ विचारला. बापाने तो इतक्या तपशिलात समजावला की गणितही त्याने तिला कधी तसं समजावलेलं नाही.

आता, सून घरात आल्यावर सासऱ्याचं पोट बिघडलं तरी तिला पांढऱ्या पायाची म्हणणारी माणसं मी लहानपणी पाहिली होती. त्यांच्यापासून लांब यायला मी समुद्र ओलांडला. आणि इथे क्लाउड इंजिनीअर, डेटा अॅनालिस्ट आणि एक दातांची डॉक्टर असे सोफ्यावर बसून माझे पाय तपासत होते.

बरं, नियम नुसता माझ्यासाठी नव्हता. पहिल्या फायनलला जो जिथे बसला होता त्याने तिथेच बसायचं. एकाने टी-शर्ट धुवायचा नाही असं ठरवलं आणि त्याच्या बायकोने ते सोसलं. आणि खायला पावभाजीच हवी, माझ्याच हातची, कारण ती लाभली होती. म्हणजे पावभाजी शुभ आणि ती करणारी अशुभ. मी हे बोलून दाखवलं तर नवरा म्हणाला, "एक्झॅक्टली!" त्याला वाटलं मला नियम समजला.

दुसऱ्या फायनलला मी भाजी घोटली, कांदा चिरला, लिंबाच्या फोडी ठेवल्या आणि मला दाराबाहेर काढण्यात आलं. फोन काढून घेतला, मी चोरून स्कोअर बघू नये म्हणून. मी आमच्या भागातल्या रस्त्यांवरून चालत राहिले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. घराघरांतून एकदम आरोळी उठायची आणि मला कळायचं नाही की ती आनंदाची की दुःखाची. लोकांच्या कुंपणांशी उभी राहून मी कान देत होते. एका बाईने पडदा सरकवून माझ्याकडे संशयाने पाहिलं. शेवटी आमच्याच घरातून माझी मुलगी अनवाणी धावत आली, "वी वन! मम, वी वन!" म्हणत माझ्या गळ्यात पडली, आणि त्या मिठीतच म्हणाली, "इट वर्क्स!"

मला तेव्हा तिला ढकलून द्यावंसं वाटलं. दिलं नाही. पण वाटलं.

ग्रँड फायनलच्या, म्हणजे फ्लॅग ठरवणाऱ्या शेवटच्या मॅचच्या आठवड्यात मी जेवताना सांगून टाकलं, "शनिवारी मी बघणार. मॅच पण आणि फ्लॅग पण."

नवऱ्याने घास खाली ठेवला. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो विनवण्या करायला लागला. "एकदाच. प्लीज. मग आयुष्यभर बघ." दोन्ही मित्रांचे फोन आले. एक म्हणाला, "तू क्लबवर प्रेम करतेस ना? मग झालं तर." त्याला मी फोनवर जे म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी मुलीने डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "मम, व्हाय डू यू वॉन्ट अस टू लूज?"

मी वृद्धाश्रमात फोन केला. आता मी तिथे नर्स आहे. ग्रँड फायनलच्या दुपारी शिफ्ट करायला कुणी तयार नसतं, मॅनेजर बाईने तर मला आशीर्वादच दिले. नवरा खूश झाला, पण त्याचं समाधान होईना. "गळ्याशपथ सांग, तिकडेही बघणार नाहीस." मी गळ्याला चिमटा घेतला आणि म्हणाले, "गळ्याशपथ." मुलगी बाजूला उभी राहून माझी बोटं नीट गळ्याला लागली का ते बघत होती. मी त्यांच्या तोंडावर खोटी शपथ घेतली आणि मला अतिशय बरं वाटलं.

शनिवारी सकाळी पावभाजी केली आणि निघाले.

म्हातारा आता त्याच आश्रमात राहतो. बायको गेली, मग तिच्याच मजल्यावर त्याला खोली मिळाली. हॉलमधल्या टीव्हीसमोर सगळ्यांत पुढे त्याची व्हीलचेअर होती, गळ्यात तोच स्कार्फ, मागे चारदोन जण खुर्च्यांत पेंगत होते. मी गोळ्या भराभर वाटल्या आणि त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसले. त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "तुझ्या घरी टीव्ही नाही का?" मी त्याला खरं कारण सांगितलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

पहिल्या क्वार्टरला आपण पुढे. मी मनात सगळ्यांना शिव्या घातल्या, एकेकाचं नाव घेऊन. दुसऱ्यालाही पुढे, थोडेच. तिसऱ्यात बरोबरी झाली आणि मग ते पुढे गेले. चौथ्या क्वार्टरची बरीच मिनिटं सरली आणि आपण दोन गोलांनी मागे होतो. आमचा कॅप्टन समोर उभा असून चुकला, चेंडू खांबाला लागला. म्हातारा काहीतरी पुटपुटत होता. स्कार्फचं टोक तो मुठीत पिळत होता.

मला ते दिसलं आणि मी उठले.

हे मला आजही नीट सांगता येत नाही. माझा त्या भाकडकथेवर काडीचाही विश्वास नव्हता. पण समजा खरं असलं तर? असं एक क्षणभर वाटलं आणि त्या एका क्षणात मी स्टूलवरून उठलेली होते. म्हाताऱ्याने माझ्या युनिफॉर्मची बाही धरली.

"कुठे निघालीस? आत्ता?"

"मी बाहेर थांबते."

"पोरी, मैदानात आहेत ते खेळाडू," तो म्हणाला. "तू जिवंत आहेस की मेलीस हे त्यांना माहीत नाही."

हे त्याने मला दुखवायला म्हटलं नव्हतं. पण मला ते घरच्यांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. घरचे निदान असं म्हणत होते की माझ्या बसण्या-उठण्याने काहीतरी होतं. या माणसाच्या हिशेबात मी कुणीच नव्हते. इतकी वर्षं रडले, ओरडले, मुलीचं नाव क्लबच्या खेळाडूवरून ठेवायला निघाले होते, आणि मी कुणीच नव्हते. मी त्याची बोटं सोडवली आणि कॉरिडॉरच्या टोकाला चादरी-टॉवेल ठेवतो त्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

धुतलेल्या टॉवेलांच्या घडीत तोंड खुपसून उभी राहिले. कानांवर हात ठेवले. तरीही ऐकू आलं. आधी एक ओरडा, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा, मग मॅच संपल्याचा सायरन. आणि मग एक फुटका, बेसूर आवाज क्लबचं गाणं म्हणायला लागला.

हातात एक टॉवेल तसाच घेऊन मी धावत गेले. टीव्हीवर माणसं एकमेकांवर पडून रडत होती. म्हाताऱ्याचे गाल ओले होते आणि तो मान हलवत गात होता. गाणं संपवून त्याने माझ्याकडे पाहिलं.

"इतकी वर्षं थांबलीस," तो म्हणाला, "आणि टॉवेल बघितलेस."

मग त्याने व्हीलचेअर वळवली आणि मला खोलीत सोडायला सांगितलं.

घरी पोचले तेव्हा अंगणात गाणी लागली होती. पावभाजीचं पातेलं चाटूनपुसून साफ होतं, मला एक चमचाही ठेवला नव्हता. नवऱ्याने मला उचललं. "थँक यू! थँक यू!" एका मित्राने माझ्या पायांना हात लावायचं नाटक केलं. सगळे टाळ्या वाजवत होते, मी तिथे नव्हते म्हणून.

आणि मला त्यांचा तो आनंद नासवायचा होता. मला प्रत्येकाचं तोंड उतरलेलं बघायचं होतं. मी गाणं बंद केलं आणि म्हणाले, "मी मॅच बघत होते. पहिल्यापासून."

नवऱ्याचा चेहरा असा झाला की मला तेवढ्यासाठी सगळं माफ करावंसं वाटलं. "गळ्याशपथ घेतली होतीस तू," तो म्हणाला.

"खोटी घेतली होती."

इथे मी थांबायला हवं होतं. पण धुवायचा नाही तो टी-शर्ट घातलेल्या मित्राने हळूच विचारलं, "शेवटपर्यंत बघितलीस?"

मला त्याला हो म्हणता आलं असतं. त्या दिवशी एक खोटं पचलंच होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर टॉवेलच आले.

"शेवटी उठले," मी म्हणाले. "दोन गोल मागे असताना."

मग जो काही हलकल्लोळ झाला तो सायरनलासुद्धा झाला नसेल. "बघ! बघ! सिद्ध झालं!" नवरा हसून हसून खाली बसला. दातांची डॉक्टर म्हणाली, "तू स्वतःच उठलीस, म्हणजे तुलाही माहीत होतं." पुराव्यात एकच फट होती, ती मीच माझ्या हाताने बुजवून दिली. तेव्हापासून प्रत्येक बार्बेक्यूला ही गोष्ट सांगितली जाते आणि नवीन माणूस आला की मला मधेच उठून दाखवायला लावतात.

पुढच्या वर्षी मुलीची नेटबॉलची फायनल होती. तिच्या टीमने आधी कधी फायनल खेळलेली नव्हती आणि त्या आठवड्यात ती नीट जेवत नव्हती. मी तिचे केस बांधून दिले. गाडीतून उतरताना तिने बापाचा हात धरला आणि मला म्हणाली, "मम, यू स्टे इन द कार, ओके?"

नवऱ्याने उघड्या दारातून माझ्याकडे पाहिलं. तो हसला नाही. मी ओके म्हणाले.

काचा वर करून, कोर्टाकडे पाठ करून मी मागच्या सीटवर बसले. मांडीवर तिचं जॅकेट होतं. शिट्ट्या ऐकू येत होत्या. एकदाही मान वळवली नाही. मला बघायचं होतं, फार बघायचं होतं, ती तिथे पळत होती आणि मला तिचे पायसुद्धा दिसत नव्हते.

तिची टीम हरली. ती दार उघडून माझ्या शेजारी बसली, रडून चेहरा सुजलेला.

"यू लुक्ड," ती म्हणाली.

"नाही गं बाळा."

"यू लुक्ड, मम."

"नाही बघितलं. गळ्याशपथ." मी गळ्याला हात लावला.

तिने माझ्या बोटांकडे पाहिलं, जॅकेट ओढून घेतलं आणि खिडकीकडे तोंड करून बसली.