एक लाख दहा हजार ठिपक्यांची सुमिए

जपानच्या किनाऱ्यावर आमच्या साकाता गावात स्टेशनाजवळ हारुओ निशिमोरीचं मोबाइलचं दुकान होतं. माणूस सरळ, पण बोलायला लागला की समोरच्याचा चहा गार व्हायचा. त्यात फोनला कॅमेरा आला आणि या गृहस्थाला चेवच चढला.

"हे बघा तोमेबाई, हा फोटो काढतो एक लाख दहा हजार ठिपक्यांचा. आणि हा नवा, तीन लाख दहा हजारांचा. आता सांगा, फरक दिसतो की नाही?"

तोमेबाई बंदरावर मासळी विकायची. ती म्हणाली, "ठिपके घेऊन काय चाटू? मला नातवाचं तोंड दिसलं म्हणजे झालं."

"अहो, तोंडाचंच तर सांगतोय!"

तोंड दाखवायला त्याच्याकडे हक्काचं होतं, बायकोचं. नवा फोन आला की हारुओ पहिला फोटो सुमिएचा काढायचा. तेच स्टूल, तोच एप्रन, लोणच्यासाठी मुळा सोलणारे तेच हात. सगळं तेच ठेवलं म्हणजे फोनचे गुणदोष तेवढे उघडे पडतात, असं त्याचं म्हणणं. एका फोनला भिंगाशेजारी नखाएवढा आरसा होता, स्वतःचा फोटो स्वतः काढायला. एकाला दिवा होता, पण त्या उजेडात सुमिए भुतासारखी पांढरी दिसायची. एकाचा फोटो झकास, पण पडदाच मेला मळकट. सगळे फोन काउंटरवर ओळीने मांडलेले, आणि प्रत्येकात सुमिए.

तिला बिचारीला फोटोचा भारी तिटकारा. सहलीच्या फोटोतसुद्धा कुणाच्या तरी टोपीमागे लपायची. "अहो, मी काय बाजारातला भोपळा आहे, येईल त्याला दाखवायला?" असं कुरकुरायची आणि तरी बसायची. नवऱ्याच्या धंद्यासाठी बसायची, दुसरं काय! घरातला रिळाचा कॅमेरा हारुओने कधीच चुलतभावाला देऊन टाकला होता. ते खोकं आता कोण वागवणार, म्हणे.

आणि दिव्याखाली अंधार बघा. फोनवाल्याच्या बायकोचा स्वतःचा फोन मात्र सगळ्यात जुना, तो आरशाचा, एक लाख दहा हजारवाला. तो बदलायचं हारुओच्या डोक्यातच आलं नाही.

आमच्याकडे फोनच्या दुकानांत एक रिवाज होता. गिऱ्हाइकाने जुना फोन परत केला की त्याच्या डोळ्यांदेखत त्याला भोक पाडायचं. काउंटरवर लोखंडी दट्ट्या असायचा. त्यात फोन ठेवायचा, दांडा दाबायचा, टक्! म्हणजे आतलं कुणाचं खासगी कुणाच्या हाती लागायला नको. गिऱ्हाईक वाकून आभार मानायचं. एखादी पोरगी घुटमळत विचारायची, "काका, आतले फोटो?" नावं-नंबर नव्या फोनमध्ये घालता यायचे, या फोनांमधले फोटो काही यायचे नाहीत. हारुओ हसून म्हणायचा, "नवी विटी, नवं राज्य! नवे काढ की." टक्. दुकानात मांडलेल्या फोनांचीही तीच गत. त्यांचं मॉडेल उतरलं की भोक. त्यांना स्वतःचा नंबर नसायचा, त्यामुळे आतला फोटो कुणाला पाठवताही यायचा नाही.

त्या शरदात तीन लाखवाल्यावर सुमिएचा फोटो काढताना मुळा तिच्या हातातून निसटला आणि गडगडत थेट तोमेबाईच्या पायाशी गेला. सुमिए खदखदून हसली, आणि नेमकं तेव्हाच हारुओने बटण दाबलं. काय फोटो आला होता! डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, किंचित वाकडा दात, सगळं लख्ख. अर्ध्या गावाने तो फोटो पाहिला. जन्मात पहिल्यांदा सुमिए म्हणाली, "हा मात्र बरा आलाय हो."

वर्षअखेरीची झाडलोट आमच्याकडे देवाच्या कामासारखी. जुनं काही नव्या वर्षात न्यायचं नाही. सुमिए ओल्या फडक्याने मांडणी पुसत होती आणि मॉडेल उतरलेले फोन एकेक करून नवऱ्याच्या हातात देत होती. टक्, टक्, टक्. तीन लाखवाला हातात आला तशी ती थांबली.

"अहो, हा राहू द्या ना. तो हसरा आहे यात."

"अगं, वसंतात दहा लाखवाला येतोय! बस मग स्टुलावर, शंभर काढतो तुझे."

तिने क्षणभर फोन हातात धरला आणि दिला. टक्.

जानेवारीत दारातला बर्फ लोटता लोटता सुमिए खाली बसली ती उठलीच नाही. डोक्यात रक्तस्राव झाला होता. इस्पितळात दोन रात्री काढल्या आणि गेली. मूलबाळ नव्हतं. होती ती तिची आई, ताके, आणि हा.

अंत्यविधीवाल्याने पहिली गोष्ट मागितली ती फोटो. देव्हाऱ्यात ठेवायचा, काळ्या फितीच्या चौकटीत, पुढे जन्मभर त्याच चेहऱ्यापुढे उदबत्ती लावायची.

ताके म्हणाली, "जावईबापू, हसरा द्या हं. तो मुळ्याचा. माझ्या लेकीला लोकांनी तसंच बघावं."

हारुओ म्हणाला, "आई, तो नाही."

"नाही म्हणजे? गावभर दाखवत होतास की रे!"

"भोक पाडलं. मीच."

म्हातारीने चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला सोसलं असतं. ती उठली आणि कपाटं उपसू लागली. लग्नातला फोटो सापडला, त्यात मोठ्या पांढऱ्या टोपड्याखाली सुमिएची मान खाली. सहलीतला सापडला, त्यात टोपीमागे एक कान. राहिला सुमिएचा स्वतःचा फोन. त्यात एकच फोटो होता, नखाएवढ्या आरशात बघून तिने आपला आपण काढलेला. कधी, कशाला, कोण जाणे. हारुओने तो प्रथमच पाहिला.

अंत्यविधीवाला अदबीने म्हणाला, "साहेब, एवढा मोठा केला तर डोळ्यांचे चौकोन होतील."

हारुओला हे कुणी शिकवायला हवं होतं का? काउंटरवर उभं राहून त्यानेच गावाला शिकवलं होतं. "करा," तो म्हणाला, "दुसरा नाहीये."

फोटो चौकटीत बसला. दारातून बघितलं तर सुमिए. चार पावलं पुढे गेलं की गाल फुटायचा, आणखी पुढे गेलं की नाक जायचं, आणि देव्हाऱ्यापाशी नुसते तपकिरी-करडे चौकोन. ताके भाताची वाटी ठेवायला गुडघ्यावर सरकत पुढे गेली आणि थबकली. "इथे तर कुणीच नाही रे." वाटी ठेवली आणि मागे मागे सरकत दारात गेली. "इथून दिसते." तेव्हापासून म्हातारी रोज येते आणि त्या गार दारातच बसते. किती उशा दिल्या, किती हातापाया पडला, पुढे येत नाही. हारुओला मात्र पुढे जावंच लागतं. उदबत्ती कोण लावणार?

वसंतात दहा लाखवाला आला. हारुओने दुकानात खोका फोडला. पहिला फोटो कुणाचा काढायचा, हे हाताला ठाऊक होतं. स्टूल तिथेच होतं. त्याने फोन खिशात टाकला, भरदुपारी दुकान बंद केलं आणि घरी आला. ताके दारात बसली होती. तिच्या शेजारून तो आत गेला, देव्हाऱ्यापुढे बसला आणि सुमिएवर फोन धरून बटण दाबलं.

फोन खरोखर उत्तम होता. चौकटीचं लाकूड, फितीची वीण, काचेवरची धूळ, सगळं आलं. आणि मधोमध एकेक चौकोन कडांसकट लख्ख आला होता, मोजून घ्यावा असा.

"आली का रे नीट?" दारातून म्हातारीने विचारलं. "हसतेय का?"

हारुओने घडीचा फोन मिटला. "हो आई," तो म्हणाला, "हसतेय."

"मग आण की इकडे, बघू दे."

तो फोन मुठीत धरून बसून राहिला. म्हातारीने हात पुढे केला होता.