आत्याला बुडायचं होतं, पण नीट

माझी आत्या बस चालवते आणि सुट्टीच्या दिवशी समुद्राच्या तळाशी जाते. तिला हसायचं असेल तर माझ्यासमोर हसू नका, दात पाडीन. मी हसले तर चालतं, मी घरची आहे.

आमचे आजोबा एका बोटीवर इंजिनाला तेल घालायचे. आत्या लहानपणी त्यांचा डबा घेऊन जायची, पण आजोबा इंजिनघराच्या दारातच अडवायचे, "पोरींचं काम नाही इथं." पुढे बोट मोडीत निघाली आणि मुद्दाम समुद्रात बुडवली, डायव्हिंगवाल्यांना खाली बघायला काहीतरी असावं म्हणून. तेव्हापासून आत्याचं एकच. ते इंजिनघर बघायचं.

मी ज्या डायव्हिंगच्या दुकानात टाक्यांत हवा भरते तिथं ती आली. आमच्या मालकाला आम्ही वैद्य म्हणतो. काहीही दुखणं सांगा, त्याच्याकडे कोर्स असतो.

"साधा कोर्स झालाय माझा. आता बोटीकडे न्या," आत्या म्हणाली.

"नेणारच की ताई. पण बोट खोलवर आहे, खोलीचा कोर्स करून टाका."

केला. मग म्हणे खाली अंधार असतो, रात्रीचा करा. वाट चुकलात तर? होकायंत्राचा करा. मग फोटोचा, मग मासे ओळखायचा. शेवटी होडीतून पाण्यात उडी मारायचा!

"वन्सं, होडीतून पडायला पैसे लागतात होय?" आईनं विचारलं.

"कोर्स झाल्याचं कार्ड मिळतं, वहिनी."

त्या कार्डांपायी आत्यानं जादा फेऱ्या मारल्या, स्कूटर विकली. आता बस चालवायला डेपोपर्यंत पायी जाते. वर प्रत्येक कोर्सगणिक सामान वाढलं. टॉर्च, टॉर्चला जोडीदार टॉर्च, कॅमेरा, दोरीचं रीळ. पाण्यात उतरली की भांड्यांचं दुकान निघाल्यासारखं वाटायचं.

तरंगण्याचा कोर्स तेवढा वैद्यानं सुचवला नाही. तो स्वस्त, आणि त्यात काही विकलं जात नाही. आत्याही म्हणायची, "तरंगायला काय शिकायचं? ओंडकासुद्धा तरंगतो."

पण बोटीकडे कोण जाणार हे पाण्याखाली नेणारी आमची मास्तरीण ठरवते. ती कार्डं बघत नाही. उथळ पाण्यात नेते आणि सांगते, वाळूच्या वीतभर वर, हातपाय न हलवता थांबा. आत्या धाडकन खाली बसली. जॅकेटात हवा भरली तर पतंगासारखी वर. हवा सोडली, परत धप्प. मी होडीतून बघत होते, वाळू उडून खाली नुसता चहा झाला होता.

"नाही नेणार," वर आल्यावर मास्तरीण म्हणाली.

"अगं, एवढी कार्डं आहेत माझ्याकडे!"

"मग पत्ते खेळा त्यांनी. कमरेला शिसं जास्त, ते ओढतं खाली. म्हणून जॅकेटात हवा जास्त, ती ओढते वर. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलेटर एकदमच दाबताय तुम्ही."

"मला? मला ब्रेक शिकवतेस?"

आत्या लालबुंद. मला वाटलं, ही आता मास्तरणीला ढकलतेच. मी मदतीला उठलेसुद्धा. पण तिनं पट्ट्यातला शिशाचा एक तुकडा काढून फळीवर आदळला.

"किती काढू?"

"निम्मं."

केला तो तरंगण्याचा कोर्स. कार्डावर साधं चित्रसुद्धा नाही. पण श्वास घेतला की जराशी वर, सोडला की जराशी खाली, बाकी हाताची घडी. टॉर्च एकच ठेवला, बाकी बाजार घरी.

मग एकदाची बोट. खालचं मला मास्तरणीनं सांगितलं. इंजिनघराच्या दाराशी पोचल्यावर तिनं मानेनंच नाही म्हटलं. आत जायला वेगळा कोर्स लागतो. आणि तो काही थापेबाजी नाही, आत अडकून माणसं मरतात. आत्या दाराबाहेरच टॉर्च धरून थांबली. कशाला हात नाही, गाळाचा कण उडाला नाही. परतीपुरती हवा उरेपर्यंत हलली नाही.

होडीत वैद्य टॉवेल घेऊन तयारच. "ताई, आत जायचंय ना? आपल्याकडे..."

"नको," आत्या केस पिळत म्हणाली. "दारातून सगळं इंजिन दिसतं. तेव्हाच दिसलं असतं, पण बाबा मध्ये उभे राहायचे."