मन्मथ दाजी आणि आमच्या न्हाणीतला गिझर

अक्काचा फोन आला तेव्हा मी चहा पीत पेपर वाचत होतो. "विश्वा, हे गेले रं," एवढंच ती म्हणाली. लातूरला दुकानात बसल्या बसल्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं. अक्का माझी थोरली बहीण, मन्मथ दाजी तिचे यजमान. फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार कोणता आला तो लिहितो, कारण तो लपवला तर या लेखाला काही अर्थच उरणार नाही. मला वाटलं, सुटलो... माझ्या मुलीच्या, शिवानीच्या वेळची खरी गोष्ट चारचौघांत सांगू शकेल असा माणूस आता उरला नाही. बहीण तिकडे रडत होती आणि भावाला इकडे हायसं वाटत होतं. हाच भाऊ नांदेडच्या रेल्वे ऑफिसातून निवृत्त झाल्यापासून पुरवण्यांमधून माणुसकीवर लेख लिहितो.

दाजी मला कधीच आवडले नाहीत. मी बी.कॉम., ते दहावी नापास. लग्नात त्यांना पाहिलं तेव्हापासून मी नाक मुरडत आलो. नखांत काळं, खिशात पाना, आणि तोंड असं की चांगल्या घरात न्यायची सोय नाही. लातूरला त्यांचं शेगड्या आणि गॅस गिझर दुरुस्तीचं दुकान होतं, पण दुकानात ते कमीच असायचे. लोकांच्या घरी जाऊन लोकांचाच पाणउतारा करणं हा त्यांचा खरा धंदा, असं मी म्हणायचो. लातुरात नळाला पाणी येणार आठ-दहा दिवसांनी, गच्चीवरची टाकी जेमतेम पुरुषभर उंच, पाण्याला जोर नाही, मग पाण्याच्या दाबावर पेटणारा गिझर पेटणार कसा? पेटला नाही की लोक नळ उघड-बंद करत दहादा टकटक करत बसायचे आणि शेवटी दाजींना बोलवायचे. एका डॉक्टरला त्यांनी त्याच्याच घरात सुनावलं होतं, "सायेब, पेशंटला लांब श्वास घ्या म्हणता अन् सोताच्या न्हाणीला खिडकी न्हाई? तुमी आंघोळीला जाता का मरायला?" डॉक्टरांनी पुन्हा कधी बोलावलं नाही. दाजींना त्याचं काही वाटलं नाही.

एकदा मी त्यांच्यासोबत एका क्लासवाल्याच्या होस्टेलवर गेलो होतो. न्हाणीच्या जाळीवर थंडी लागू नये म्हणून क्लासचाच फ्लेक्स ठोकला होता, निकालात आलेल्या पोरांच्या फोटोंचा. दाजींनी हत्यारांची पिशवी खालीच ठेवली. "आधी ही हुशार तोंडं काढा. हवेची वाट हाय ती," म्हणाले. मालक हसला, दाजी हसले नाहीत. फ्लेक्स निघाल्यावरच ते आत गेले. खाली वाकून जमिनीजवळ वास घेतला. गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, उभ्याउभ्या नाकाला कळत नाही. वास आला तर बटणालासुद्धा हात लावायचा नाही, दारं-खिडक्या उघडून बाहेर पडायचं. वास नाही म्हटल्यावर त्यांनी रेग्युलेटर चालू केला, तोंड बाजूला धरून नळ पुरता सोडला. पेटला नाही. नळ बंद करून ते शांतपणे उभे राहिले, आतला गॅस निघून जाईपर्यंत. मालक म्हणाला, "पुन्हा करा की." दाजी म्हणाले, "घाई हाय? मग हो बाहेर." त्यांनी सेल बदलले, पाण्याची गाळणी साफ केली, पुन्हा नळ सोडला. ज्योत निळी दिसली तेव्हा म्हणाले, "पिवळी दिसली की बंद करायचं, मला बोलवायचं. अन् हे मशीन खरं तर बाहेर पाहिजे. तवर बादली भरायची, गॅस बंद करायचा, मगच माणूस आत. कडी लावून वर मशीन चालू ठेवायचं न्हाई." मला त्या वेळी वाटलं, केवढा हा तोरा, पाणीच तर तापवायचंय.

नंतर अक्काच्या आग्रहाने आमच्या नांदेडच्या घरीही त्यांनीच गिझर बसवला. मागच्या बोळात, बाहेरच्या भिंतीवर, उघड्यावर, आणि गरम पाण्याचा पाइप भिंतीतून आत न्हाणीत. मला ते ओंगळ वाटलं, आईला अपवित्र. आमची आई उदगीरकडची. सोवळ्याला तिकडे मडी म्हणतात. मडीत असताना तिला कुणी शिवलेलं चालत नसे, आणि लिंगपूजेआधीच्या आंघोळीचं पाणी दुसऱ्याने भरून ठेवलेलंही चालत नसे. बोळातून कचरेवाली जाते, तिचा हात त्या मशीनला लागतो, ते पाणी मला नको, असं आईने सांगितलं. कचरेवालीने हात लावल्याने तापलेलं पाणी बाटतं, हे मी पदवीधर माणसाने ऐकून घेतलं आणि एका प्लंबरला बोलावून गिझर आत, न्हाणीत आणला. दाजींना कळवलं नाही. त्यांना काय विचारायचं? पुढे आईने न्हाणीच्या जाळीवर दोन खिळे ठोकून घेतले आणि मडीचं जाड लुगडं काठीने तिथेच वाळत घालायला सुरुवात केली, कारण त्या उंचीवर कुणाचा हात पोचत नव्हता. ओलं लुगडं, तेही चौपदरी. हवेची वाट बंद झाली आणि आमचं घर पवित्र झालं.

शिवानी तेव्हा बारावीला होती. डिसेंबरातली सकाळ, ती आंघोळीला गेली. नळ चालूच होता आणि बादलीचा आवाज येत नव्हता, हे माझ्या बायकोच्या लक्षात आलं. माझ्या नाही, मी पेपर वाचत होतो. हाका मारल्या, उत्तर नाही. मी दाराला खांदा देऊन कडी तोडली. ती भिंतीला टेकून खाली घसरलेली, डोळे अर्धे उघडे... तिला ओढून बाहेर अंगणात घेतलं, रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लावला. दोन तासांनी तिने "बाबा" म्हटलं तेव्हा मी पहिल्यांदा खाली बसलो. डॉक्टरांनी विचारलं, "न्हाणी बंद होती का? जाळी?" बंद जागेत ज्योत हवा खाते आणि जो वायू सोडते त्याला वास नसतो, माणूस झोपल्यासारखा जातो, असं त्यांनी समजावून सांगितलं. मी मान डोलावली. सगळं कळलं होतं मला, तिथेच.

संध्याकाळी नातेवाईक जमले. काय झालं, कसं झालं? आई कोपऱ्यात जप करत बसली होती. आणि मी म्हणालो, "दाजींनी बसवलेला गिझर. बिघडला." यातलं पहिलं वाक्य खोटं म्हणता येणार नाही आणि दुसरं त्याच्या आडोशाने खपून जाईल, अशी मी काळजी घेतली होती. ऑफिसात वर्षानुवर्षं टिपणं लिहून मी एवढंच शिकलो होतो. आमच्या समाजात लग्नकार्यं भरपूर, जेवणाच्या पंगतीत गोष्ट नांदेडहून लातूर, लातूरहून उदगीर अशी फिरली. कुणी विचारायचं, "तो मन्मथ का? ज्याच्या गिझरनं मेव्हण्याची पोरगी मरता मरता वाचली?" मी ऐकून मूग गिळून बसायचो. कधी कधी तर सुस्कारा सोडायचो.

दुसऱ्या दिवशी दाजी नांदेडला आले होते. शिवानीच्या डोक्यावरून हात फिरवला, मग न्हाणीत गेले. जाळीवर लुगडं होतंच. बाहेर बोळातल्या भिंतीवर जुन्या स्क्रूची चार भोकं होती, तीही पाहून आले. मला वाटलं, आता हा तोंडाळ माणूस सगळ्यांसमोर माझी वरात काढणार. त्यांनी पाना काढला, गिझर उतरवला, पोत्यात घातला आणि एसटीने लातूरला निघून गेले. जाताना माझ्याकडे एकदा बघितलं. शेणात पाय पडल्यावर चपलेकडे बघतात तसं. आणि मी काय केलं? मी लोकांना सांगितलं, बघा, चूक होती म्हणूनच मशीन गुपचूप उचलून नेलं.

त्यांची गिझरची कामं तुटत गेली. मेसच्या शेगड्या साफ करून त्यांनी उरलेली वर्षं काढली. आई गेली, तरी ते काही बोलले नाहीत.

परवा दाजींच्या दिवसकार्याला, शिवगणाराधनेला, मी लातूरला गेलो. सकाळी अक्काच्या मागच्या अंगणात गरम पाण्याने आंघोळीची बादली भरली. जेवणाच्या पंगतीत एक डाळवाले व्यापारी मला म्हणाले, "माणूस लई कामाचा व्हता. तुमच्या पोरीचं तसं झालं नसतं तर आज लातुरात त्याचं नाव आसतं." पंगतीत तीस-चाळीस माणसं होती. मी भाताला हात लावून बसलो आणि "हो ना," म्हणालो. ऐका, "हो ना" म्हणालो.

पंगत उठल्यावर मी स्वयंपाकघरात अक्कासमोर बसलो आणि सगळं बोललो. ती भांडी पुसत राहिली. म्हणाली, "मला कामून सांगून राहिला? मीच त्यांना गप बसवलं व्हतं. खरं निघालं आसतं तर लोक म्हणले आसते, आजीनं मडीपायी नात मारली आसती. आईला ते सोसलं नसतं. ते म्हणले, बरं, म्हातारीसाठी बसतो गप."

"अन् ते मशीन?" मी विचारलं.

"सकाळी कशाच्या पाण्यानं आंघोळ केलास?"

मी मागे जाऊन पाहिलं. अंगणात पत्र्याच्या पडवीबाहेर, उघड्या भिंतीवर तोच गिझर; सकाळी बादली भरताना मी त्याच्याकडे नीट बघितलंही नव्हतं. दाजी आणि अक्का इतकी वर्षं त्याच पाण्याने आंघोळ करत होते. माझ्या तोंडून "बिघडलेला" ठरलेल्या मशीनचा एक भागही बदलावा लागला नव्हता, असं अक्का म्हणाली. दुकानात येणाऱ्या कुणालाही त्यांनी ते अंगणात नेऊन दाखवलं नाही.

"मी काय करू आता?" मी विचारलं. माझा आवाज रडका होता, आणि अक्काला रडक्या आवाजाचा कंटाळा आलेला दिसत होता.

"लिही," ती म्हणाली. "तुझे लेख आले की ते वाचायचे. वाचून म्हणायचे, विश्वाला तेवढंच येतंय."

तर जे येतं ते करतो. गिझरमध्ये काहीही बिघाड नव्हता. मन्मथ दाजींनी तो बाहेर, उघड्या हवेत बसवला होता. आत मी आणला, जाळी माझ्या घरच्यांनी बंद केली, आणि हे मला त्याच दिवशी दवाखान्यात कळलं होतं.