पहिल्या कॉम्प्युटरची खुर्ची

परवा पुतण्याने मला विचारलं, काका, रोबोटच्या खेळात चांगलं चालवायला काय यावं लागतं? तो हल्ली मोबाईलवर चार-पाच जणांचा गट करून तसलाच खेळ खेळतो. मी त्याला तासभर सगळं समजावून सांगितलं, फक्त एक गोष्ट गाळली. ती इथे लिहितो. आठवली की माझं अजून डोकं फिरतं, आणि ते कुणावर फिरवायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सोनईजवळच्या गावातून नगरला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करायला आलो होतो. आमचा क्लास भांड्यांच्या दुकानावर, पत्र्याखाली होता. आठ कॉम्प्युटर एका काळ्या केबलने एकमेकांना जोडलेले, आणि कुणाचा पाय लागून एक जोड ढिला झाला की आठही एकदम बंद. आठवडाभर त्यांवर आम्ही पगारपत्रकं बनवायला शिकायचो. रविवारी दुपारी मात्र सर जुन्या मुलांना खेळायला द्यायचे. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन होतं. अलीकडे आम्ही चौघं आणि पलीकडे पॉलिटेक्निकची चार पोरं.

खेळ असा, की दोन पायांचा, तीन मजली उंचीचा लोखंडी रोबोट आणि त्याच्या डोक्यात आपण बसलेलो. चार विरुद्ध चार. जड रोबोटला जाड पत्रा आणि भरपूर तोफा, पण चाल बैलाची. हलक्या रोबोटला दोन बारक्या तोफा, पत्रा पापडाइतका, पण तो पळायचा. त्यामुळे हलक्याने पुढे पळायचं, शत्रू कुठे आहे ते बघायचं आणि मागच्यांना सांगायचं.

आमच्यात जड रोबोट एकच होता आणि तो दादाचा. दादा श्रीगोंद्याकडचा, घरचा ऊस, वडील साखर कारखान्याचे संचालक. आमच्याहून दोन वर्षांनी मोठा, पण सरसुद्धा त्याला दादाच म्हणायचे. अख्ख्या क्लासात जॉयस्टिक एकच. ती पहिल्या कॉम्प्युटरला लावलेली, आणि पहिला कॉम्प्युटर बरोबर पंख्याखाली. तिथली हाताची खुर्ची दादाची. दुसरी खुर्ची आणि मधल्या वजनाचा रोबोट नगरमधल्या एका भिक्षुकाच्या मुलाचा. त्याचं इंग्रजी चांगलं होतं आणि खेळाचं झेरॉक्स पुस्तक त्याने पाठ केलं होतं. तिसरा राजूरचा, आश्रमशाळेत शिकून आलेला, दिवसाला दहा वाक्यं बोलला तर खूप. चौथा मी. त्या दोन शेवटच्या, कीबोर्डच्या, भिंतीकडच्या खुर्च्या आम्हाला आणि दोन हलके रोबोटही आम्हालाच. हे कुणी ठरवलं नव्हतं. गावच्या जत्रेत पहिला नारळ कुणाचा हे जसं कुणी विचारत नाही, तसंच ते होतं.

आता दादाला खेळता येत असतं तर मी एवढा जळलो नसतो. त्या खेळात तोफ मारली की रोबोट तापतो. पडद्याच्या कडेला एक पट्टी असते, ती लाल झाली की रोबोट आपोआप बंद पडतो आणि थंड होईपर्यंत पुतळा होऊन उभा राहतो. म्हणून तोफा आळीपाळीने मारायच्या. दादा समोर शत्रू दिसला की सगळ्या तोफा एकदम दाबायचा. मग बंद. मग आम्ही तिघं त्याच्याभोवती नाचत मार खायचो, का तर दादा थंड होताहेत.

आणि त्याला थांब कोण म्हणणार? लढाईत एका शब्दात सांगावं लागतं. भिक्षुकाचा मुलगा म्हणायचा, "दादा, जरा पट्टीकडं बघता का?" एवढं बोलून होईपर्यंत दादाचा एक हात गळून पडलेला असायचा. मी एकदा सरळ ओरडलो, "मागं सरक!" दादाने जॉयस्टिक सोडली, मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तू कुनाला सांगतो?" तेवढ्या वेळात पलीकडच्यांनी त्याला आडवा केला. हरलो ते माझ्या ओरडण्यामुळे, असं त्याने सरांना सांगितलं. सरांनी मान डोलावली.

मी मात्र त्या पापडाच्या पत्र्यात शिकलो. जाड पत्रा असता तर शिकलोच नसतो. पहिलं हे शिकलो, की रोबोटचे पाय एकीकडे आणि छाती दुसरीकडे वळवता येते. पळायचं एका दिशेला आणि बघायचं दुसऱ्या. दुसरं, उभं राहायचं नाही, कध्धीच नाही. तिसरं, मार बसणार असेल तर निकामी झालेली बाजू पुढे करायची आणि चांगली बाजू झाकायची. चौथं, चौघांनी मिळून एकालाच धरायचं, आणि जड असेल तर मागून, गुडघ्याच्या खाली मारायचं. तिथे त्यांचाही पत्रा पातळ असतो. हे गुडघ्याचं मी शोधून काढलं होतं आणि फक्त राजूरवाल्याला सांगितलं होतं.

कारण तो माझा जोडीदार होता. मी पुढे, तो माझ्या मागे वीस पावलांवर. मी जिथे पाय टाकीन तिथे तो पाय टाकायचा. माझ्या अंगावर कुणी आला की तो त्याच्या पाठीवर. पार्टिशनपलीकडे सगळं ऐकू जायचं, म्हणून आम्ही डाव्याला मनमाड आणि उजव्याला दौंड म्हणायचो. पलीकडच्यांना ते कळलं की पुढच्या रविवारी उलटं करायचो. पुढची वाट साफ असली की मी म्हणायचो, "मोकळं हाय, या." एवढ्या शब्दावर तो डोळे मिटून यायचा. माझ्या शब्दावर असं चालणारं दुसरं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं.

मला हवी होती ती पहिली खुर्ची. पंखा, जॉयस्टिक आणि तो जड रोबोट. एकदा तरी. हे मी राजूरवाल्याशिवाय कुणाला बोललो नव्हतो. पण एका रविवारी दादा खुशीत होता, आणि शेव-चिवडा खाता खाता सगळ्यांसमोर म्हणाला, जो लागोपाठ तीन रविवार शेवटपर्यंत जिवंत राहील त्याला माझा रोबोट. त्याला वाटलं, हलक्या पत्र्यात कोण टिकतंय.

मी टिकलो. पहिल्या रविवारी राजूरवाल्याने माझ्यावरचा मार स्वतःवर घेतला आणि मेला. दुसऱ्यालाही तसंच. तिसऱ्या रविवारी आम्ही दोघंच उरलो होतो आणि आम्ही जिंकलो. आठवडाभर मला झोप धड नव्हती. चौथ्या रविवारी मी पाऊण तास आधी जाऊन जिन्यात उभा राहिलो.

दादा आला आणि सरळ पहिल्या खुर्चीवर बसला. मी जवळ जाऊन आठवण दिली. तो हसला. रागाने नाही, अगदी मोकळेपणाने हसला, आणि ते जास्त लागलं.

"आरं, तुला हलकाच बरा. पुढं पळून खबर आनायची सवय तुमच्यात पिढ्यान्‌पिढ्याची हाय. आमाला जमतंय व्हय ते?"

भिक्षुकाचा मुलगा झेरॉक्सच्या पुस्तकात काहीतरी शोधायला लागला. सर हजेरीपत्रकात बघत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझे आजोबा साहेबाच्या घोड्यापुढे पळायचे, गावात कुणी मेलं तर ऊन-पाऊस न बघता दहा गावांना सांगत फिरायचे. दीक्षा घेतली त्या साली त्यांनी गावाला सांगितलं, उद्यापासून हे काम बंद. त्यासाठी जे सोसलं ते वेगळंच. आणि त्यांचा नातू नगरमध्ये कॉम्प्युटरसमोर बसून तेच काम करत होता. दादाला एक थोबाडीत द्यायला हवी होती. मी भिंतीकडच्या खुर्चीवर जाऊन बसलो.

खेळ सुरू झाला. दोन टेकड्यांमध्ये एक खिंड होती. मी पुढे पळालो. खिंडीच्या तोंडाशी पोहोचलो तेव्हा रडार कोरं होतं, पण पलीकडच्या उतारावर एका रोबोटचा खांदा दगडावरून इंचभर वर आलेला मला दिसला. मग दुसरा दिसला. रडारवर दिसू नये म्हणून रोबोट बंद करून ते चौघं तिथे दबा धरून बसले होते. हलक्याला ते हात लावणार नव्हते, मागचा जड यायची वाट बघत होते. मी कडेकडेने निघून गेलो आणि मोठ्याने म्हणालो,

"मोकळं हाय, या."

पार्टिशनपलीकडे कुणीतरी फिसकन हसलं. माझ्या डोळ्यांसमोर फक्त दादा होता. पण माझ्या मागे वीस पावलांवर कोण असतं हे मला पाठ होतं. मी विसरलो होतो असं लिहिलं तर ते खोटं होईल. आठवलं होतं, आणि तरी मी बोललो.

दादाचा जड अजून खिंडीबाहेरच होता. राजूरवाला डोळे मिटून आला. त्याला आत येताना बघून त्या चौघांना राहवलं नाही आणि त्यांनी त्याचा चुरा केला. मग दादा आला, सगळ्या तोफा एकदम दाबल्या, बंद पडला आणि आडवा झाला. मला फार बरं वाटलं. आईशपथ सांगतो, बरं वाटलं.

सुटल्यावर जिन्यात चपला घालताना राजूरवाल्याने विचारलं, "तुला दिसली हुती का ती चौघं?"

"न्हाई," मी म्हणालो.

त्याने चपलेचा अंगठा नीट केला. मग म्हणाला, "तुला तर समदं दिसतं." आणि खाली उतरून गेला.

पुढच्या रविवारी दादा आल्या आल्या करवादला, की या जॉयस्टिकमध्येच खोट आहे, मागच्या वेळी हिनेच घात केला. "घे तू ती खुर्ची," तो मला म्हणाला आणि माझ्या जागी जाऊन बसला. असं मिळालं मला ते. मी पंख्याखाली बसलो, जॉयस्टिक हातात घेतली आणि भिंतीकडे बघितलं. राजूरवाल्याची खुर्ची रिकामी. पलीकडच्यांचा एक जण परीक्षेमुळे आला नव्हता. राजूरवाला सरांना विचारून पार्टिशनपलीकडे जाऊन बसला होता. आम्हाला त्याच्या जागी एक नवखा मुलगा दिला.

जड रोबोट खरोखर बैलासारखा चालतो. मी खिंडीपाशी पोहोचलो आणि एक हलका मला मनमाडकडून दिसला. वळेपर्यंत तो पाठीमागे. उजव्या गुडघ्याखाली एक दणका बसला. पुन्हा तिथेच, आणि पुन्हा तिथेच. एवढं नेमकं ठिकाण नगरमध्ये दोघांनाच माहीत होतं. मला "मागं बघ" म्हणून ओरडणारं कुणी नव्हतं. माझा तोल गेला. कसाबसा वळलो, तो समोर दिसला आणि मी सगळ्या तोफा एकदम दाबल्या.

पट्टी लाल झाली. रोबोट बंद पडला. भिंतीकडून दादा मोठ्याने हसला. मी जॉयस्टिक इकडून तिकडे हलवत राहिलो. तो हलका माझ्यासमोर येऊन चक्क उभा राहिला, जे त्याने कधीच केलं नव्हतं. तोफ मारली नाही. प्लायवूडमधून मला त्याचा आवाज ऐकू आला, नेहमीसारखाच हळू.

"मोकळं हाय, या," तो त्याच्या माणसांना म्हणाला. आणि ते तिघं आले.