शेटजींच्या ओसरीतली पेशी

“पहले देखो, मग बोला!” आमचे विज्ञानाचे मास्तर एवढं म्हणून सूक्ष्मदर्शकापासून बाजूला व्हायचे. तुम्ही कितीही शहाणे असा, आधी डोळा लावायचा. ते हैदराबादेत उर्दूतून शिकलेले. विलीनीकरणानंतर बोरीच्या शाळेत मराठीतून शिकवायची वेळ आली, तेव्हा तोंडून आधी ‘खलिया’ निघायचं, मग जीभ चावून ‘पेशी’. मी तिथंच मराठी शिकवायचो. त्यांची थट्टा करायची एकही संधी मी सोडली नाही.

शाळेला इमारत नव्हती. एका किराणावाल्या शेटजींच्या ओसरीत वर्ग भरायचे, तेही त्यांच्या मर्जीवर. आणि या बाबानं भर श्रावणात तिथं कांदा सोलला! पातळ पापुद्रा काचेवर ठेवून आयोडीनचा थेंब टाकतात, तोच शेटजी कडाडले, “चातुर्मासात माझ्या घरात कांदा? गुंडाळा बोऱ्याबिस्तर!”

मी घाईघाईनं पुस्तकं गोळा करू लागलो. गावात दुसरी जागा नव्हती, शाळा बंदच पडली असती. मास्तर मात्र शांत. कांदा बाहेर टाकून, हात धुऊन आले. “चुकलं शेटजी. आता कांदा न्हाई, तुमचंच बघा.”

“माझं? माझं काय बघायचं?” शेटजींचा राग जरा अडखळला. मास्तरांनी स्वच्छ काडीनं त्यांच्या गालाच्या आतून हलकेच खरवडलं आणि ते काचेवर पसरलं.

शेटजींनी डोळा लावला. “हे मधी टिंब कसलं?”

“केंद्रक. पेशीचा कारभार तिथून चालतो. त्या टिंबाभोवती पडदा हाय. कांद्यातबी असंच टिंब, फक्त बाहेरून भिंत जाड.”

“म्हंजी मी आन् कांदा सारखेच?”

“आतून लय फरक न्हाई.”

मी डोळेच मिटले. पण शेटजींना आता चटक लागली होती. “मग टिंब नसलेलं काई हाय का न्हाई?”

“हाय की. घरातून थोडं दही मागवा.”

दही आलं. शेटजी वाकले. “बारीक काड्याच काड्या! टिंब दिसंना.”

“यांच्यात टिंबाभोवतीचा तो पडदाच न्हाई. सगळा कारभार मोकळ्यावर. पण जिवंत तुमच्याआमच्यासारखेच.”

“जिवंत? दह्यात?”

मी मास्तरांचा सदरा ओढला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. शेटजींनी पुन्हा एकदा डोळा लावला. मग त्यांनी मांडीवर थाप मारली. “आत्ता कळलं, भाद्रपदात दही वर्ज्य का ते! वाडवडील काय खुळे व्हते व्हय?”

मास्तर खुलासा करायला तोंड उघडणार, एवढ्यात मी त्यांचा पाय दाबला. आयुष्यात पहिल्यांदा ते चुकीच्या उत्तरावर गप्प बसले. शाळा राहिली. खरं सांगतो, त्या दिवशी मला हा माणूस फार आवडला.

पुढं शाळेची इमारत झाली आणि त्याच साली मास्तरांची बदली. ओसरी मोकळी झाली. दुकानातल्या गुळाच्या भेल्या ठेवायला जागा पुरत नव्हती, तरी शेटजी तिथं काही ठेवू देईनात. रोज झाडून सतरंजी अंथरायचे. मी एकदा विचारलंच, “शेटजी, ही जागा अशी रिकामी का?”

ते माझ्यावरच उखडले. “मास्तर सुट्टीला आले तर बसायचं कुठं त्यांनी?”