किती आहे?

लंडनजवळच्या हॅरोतले आमचे शेजारी काका दारात आले की 'कसे आहात' विचारत नाहीत, 'किती आहे?' विचारतात. म्हणजे आमच्या घरातल्या हीटिंगचा थर्मोस्टॅट किती अंशांवर आहे. मी 'वीस' म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. "तिकडे आर्क्टिकचा बर्फ वितळतोय आणि तुम्ही घरात टी-शर्टवर?" हे म्हणताना त्यांच्या अंगात तीन स्वेटर असतात.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी इथल्या मराठी मंडळात बोलायला थेट आर्क्टिकमधल्या गावची एक मुलगी आणली. ती इथे युनिव्हर्सिटीत शिकते. तिला घरच्यासारखं वाटावं म्हणून काकांनी सकाळपासून हॉलचं हीटिंग बंद ठेवलं होतं! सत्काराची शाल पाहुणे लगेच घडी घालून बाजूला ठेवतात; हिने ती कानापर्यंत गुंडाळून घेतली. "आमच्या घरांत हीटिंग असतं, अंकल," ती इंग्रजीत म्हणाली.

मग तिने सांगितलं. ज्या बर्फावरून तिचे वडील शिकारीला जायचे, तो आता माणसाचं वजन पेलत नाही. सील दिसेनासे झालेत. गावाखालची जमीन खचतेय, म्हणून अख्खं गावच हलवणार आहेत.

"सुट्टीत घरी जाशील ना?" काकांनी विचारलं.

"जाईन. घर कुठे असेल, ते अजून ठरायचंय."

काका उठले आणि स्वतःच्या हाताने हीटिंग बावीसवर नेऊन आले.

दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले, 'किती आहे' न विचारता भिंतीपाशी गेले आणि आमचा थर्मोस्टॅट अठरावर आणला.

"कालचं वळतं करून घेतो," म्हणाले.